एका कोपऱ्याचं शहर

अन्याय रत्नाक्कावर झाला. रविवारी दुपारी पावणेचार वाजता, ‘आदर्श सोलापूर’ या चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाला पंधरा मिनिटं उरली असताना, आमच्या पेठेतल्या शाळेच्या इयत्ता दुसरीच्या वर्गात, खिडकीशेजारच्या भिंतीवर तो झाला. करणारे दोघं होते. एक चित्रकलेचे दिगंबर मास्तर आणि दुसरी मी. मास्तर आता नाहीत. त्यामुळं जबाब मला एकटीलाच द्यायचा आहे, आणि तो टाळत टाळत मी सत्तरी गाठली आहे.

पत्रक लिहायला मी कामगारांच्या कचेरीत शिकले. पहिल्याच ओळीत नाव आणि वेळ टाकायची, नाहीतर लोक पत्रक वाचत नाहीत, त्यात भजी बांधून नेतात, हा तिथला पहिला धडा. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, हजेरीपुरती कॉलेजात जात होते आणि उरलेला सगळा वेळ संतापलेली असायचे. एक दिवसाआड येणारा नळ, रेशनची साखर, थेटरात बायकांच्या बाकड्यांवरचे ढेकूण, कशावरही मी पत्रक काढायचे. ‘जाहीर निषेध’ हे शब्द एवढे मोठे काढायचे, की निषेध कशाचा हे लिहायला खाली दोन बोटं जागा उरायची. पेठेत मला सुमन म्हणून कमी आणि पत्रकवाली म्हणून जास्त ओळखायचे. कचेरीचं छप्पर गळायचं म्हणून सायक्लोस्टाइलचं मशीन आमच्याच घरात आणून ठेवलेलं होतं, चुलीपासून दोन हातांवर. आई रोज म्हणायची, “तुझ्या त्या बयेला लांब ने गं. भाकरीला शाईचा वास मारतुया.” एकदा ओलं पत्रक खरंच भाकरीच्या टोपलीत पडलं. आप्पा, म्हणजे माझे वडील, गिरणीत कामाला. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा सोडला, तर भाकरीवर उलटा ‘निषेध’ उमटलेला. संध्याकाळी घरी येऊन पाय धुता धुता म्हणाले, “खाल्ली की. निषेध वाईच कडू लागतुया, पर शेंगाच्या चटणीसंगं जातुया.” आप्पा मूळचे मोडनिंबचे. त्यांना राग यायला तीन दिवस लागायचे, आणि तोवर राग कशाचा ते विसरायचे. मी कुणावर गेले, हा घरातला कायमचा प्रश्न होता.

आमच्या दोन खोल्यांची मागची भिंत रत्नाक्काची आणि आमची मिळून एकच होती. पलीकडं खड्ड्याचा माग, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायचा. सकाळी सातला त्याची खटकखट सुरू झाली की आमच्या फळीवरची ताटं त्या ठेक्यात किणकिणायची, आणि आईचा भाकरी थापायचा हातही नकळत त्याच ठेक्यात पडायचा. सणाला माग बंद असला की आईच्या भाकरी वाकड्यातिकड्या व्हायच्या. माग चालवायला मल्लेशम नावाचा विणकर येई. घर रत्नाक्काचं आणि तिचे वडील नरसय्याताता यांचं. तिचा नवरा भिवंडीला माग चालवायला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. तीही त्याचं नाव काढायची नाही. “गेला ते बरं झालं, लई घोरत होता,” एवढाच त्या संसाराचा वृत्तांत. सकाळी ती मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, दुपारी सुपात पानं घेऊन बिड्या वळायची, आणि मधल्या वेळात पाय लांब करून, मांडीवर फळी ठेवून, बारीक चौकटींच्या कागदावर एकेक चौकट रंगवत बसायची. तिच्याकडून पुलुसू, म्हणजे चिंचेचा आंबट रस्सा, यायचा, आमच्याकडून डाळकांदा जायचा. वाटी रिकामी परत करायची नाही, हा दोन्हीकडचा नियम. पुलुसू तोंडात घातला की आईचा एक डोळा मिटायचा. “चिंच घातली का चिंचेचं झाड घातलं, रत्ना?” भिंतीतून उत्तर यायचं, “तुमच्या डाळीत मीठ असतंय म्हणून आमी काय बोलतोय का, वैनी?”

त्या चौकटींबद्दल मी कधी विचारलं नाही. तिथंच माझं पाप आहे. मला वाटायचं, बायका रुमालावर फुलं भरतात तसा तिचा हा विरंगुळा. नरसय्याताता मोठे नक्षीकार, त्यांनी काढलेल्या मोर-कमळांच्या चादरी देशभर जायच्या, हे पेठेत सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षांपासून त्यांच्या डोळ्यांवर पडदा आला होता. मी समजत होते की ताता सांगतात आणि ही रंग भरते. खरं असं होतं की ताता फक्त खोकायचे. नक्षी पहिल्या चौकटीपासून रत्नाक्काची असायची आणि कारखान्यात तातांच्या नावावर जायची; त्यांचे डोळे गेल्याचं कारखान्याच्या मालकांपर्यंत पोचलेलं नव्हतं. मला हे उशिरा कळलं. तुम्हाला आत्ताच सांगते, कारण पुढं काय पणाला लागलं होतं ते तुम्हाला आधीपासून माहीत असायला हवं. आंधळ्या म्हाताऱ्याच्या नावावर किती दिवस नक्ष्या जाणार? ताता गेले की काम गेलं. रत्नाक्काला आपल्या नावानं नक्षीकाराचं काम पाहिजे होतं. बस्स. बिड्या वळून तिची बोटं पानांच्या रंगाची झाली होती, आणि तिला ती रंगाच्या रंगाची करायची होती.

प्रदर्शनाची कल्पना दिगंबर मास्तरांची. सडपातळ माणूस, खिशाला चार पेन्सिली, चारही टोकदार. गणपतीत दरवर्षी तेच ते देखावे करण्यापेक्षा लोकांनाच विचारावं, तुमचं शहर कसं असावं, आणि त्यांनी ते कागदावर काढावं, असं त्यांच्या मनात आलं. मी तर उडीच मारली. जनता स्वतः शहराचा नकाशा काढणार! मी पत्रक काढलं: “प्रत्येकानं काढावं! कोणाचंही चित्र नाकारलं जाणार नाही!” ‘कोणाचंही’खाली दोन रेघा. उद्घाटनाला पेठेतले मोठे चादर कारखानदार कबूल झाले. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांची नातवंडं चांगली आहेत; नुसतं मालक म्हणते. निवडलेलं चित्र आपल्या कारखान्यात चादरीवर विणून काढू, असंही मालकांनी जाहीर केलं.

चित्रं आली, आणि काय एकेक आली! कंपौंडरनं काढलेल्या शहरात एकच इमारत होती, दवाखाना, आणि दारात त्याला नमस्कार करणारे लोक. एका टांगेवाल्यानं असं शहर काढलं की सगळे रस्ते उताराचे; स्टेशनला जातानाही उतार, येतानाही उतार. मी विचारलं, हे कसं शक्य आहे? तो म्हणाला, “आदर्श म्हनलाय न्हवं तुमी? मग घोड्यालाबी आदर्श पायजे की.” स्वतः मास्तरांनी मोठा टोलेजंग मनोरा आणि त्याच्याकडं जाणारा सरळ रस्ता काढला होता, यथार्थदर्शनाच्या सगळ्या नियमांनी. रस्ता पुढं पुढं निमुळता होत शेवटी टिंब झालेला. मल्लेशम त्याच्यापुढं बराच वेळ उभा राहून म्हणाला, “मास्तर, मधीच रस्ता संपला की. शेवटी ऱ्हाणारी माणसं काय चिमणीएवढी हायत का?” मी काढलेल्या शहरात नुसत्या भिंतीच भिंती होत्या, पत्रकं चिकटवायला. आईनं काही काढलं नाही. “आदर्श शहरात भाकरी कुणी थापायची, ते आदी लिवून दे,” म्हणाली, “मग काढते.”

रत्नाक्कानं मात्र प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी भिंतीवर तीनदा वाजवून मला बोलावलं. तिला तीनच प्रश्न होते.

“पिल्ला,” ती मला पिल्ला म्हणायची, तेलुगूत पोरीला म्हणतात तसं, “मालक सोता येणार?”

“येणार की.”

“एकेक चित्र बघणार?”

“बघायलाच लावीन.”

“खाली नाव लिवणार? ज्यानं काढलं त्याचंच?”

“एवढ्या मोठ्या अक्षरात!” मी हात पसरून दाखवले.

तिनं हातातली बिडी नीट बांधली, सुपात टाकली आणि म्हणाली, “बरं.” त्या ‘बरं’चं वजन मला तेव्हा कळलं असतं, तर हे प्रकरण लिहावं लागलं नसतं.

रविवारी तिनं चित्र धुतलेल्या पंच्यात गुंडाळून आणलं. मी ते टाचण्यांनी लावलं, खाली लिहिलं ‘रत्नाक्का’, आणि ती साडी बदलून तातांना घेऊन यायला म्हणून घरी गेली. चित्र मी धड बघितलंही नव्हतं. मास्तर फिरत फिरत आले, थांबले, चष्मा वर केला, खाली केला.

“सुमन, हे काय?”

मी बघितलं. एक कागद, बारीक चौकटींनी भरलेला. त्यात अर्धं घर. अर्धं दार. झाडाची एकच बाजू. खालच्या कोपऱ्यात दोन कडांना एकेक नळ होता, तोही मधोमध कापल्यासारखा, आणि पाण्याच्या हौदाचा पाव तुकडा. बाकी शहर बेपत्ता.

“अर्धवट आहे हो,” मास्तर कळवळून म्हणाले. ते वाईट नव्हते, हे नमूद करते. “मालक बघतील, हसतील. त्या बाईची शोभा होईल. काढून ठेव.”

“पण कोणाचंही चित्र नाकारलं...”

“नाकारत नाही गं. पूर्ण झालं की लावू.”

इथं माझ्या डोक्यात जो उजेड पडला, त्याची मला आजही शिसारी येते. मला वाटलं, बरोबर आहे! सकाळी कांड्या, दुपारी बिड्या, बिचारीला चित्र पुरं करायला वेळच कुठं मिळाला असेल? हा शोषणाचा पुरावाच आहे! मी चित्र उतरवलं, गुंडाळी करून वर्गाच्या कपाटात जगाच्या नकाशामागं सारलं, आणि रिकाम्या जागी माझ्या उत्तमातल्या उत्तम अक्षरात फलक लिहून लावला: “इथं एका कष्टकरी भगिनीचं चित्र लागणार होतं. ते पूर्ण करायला तिला वेळ मिळाला नाही. जबाबदार कोण?” खाली ‘रत्नाक्का’ तसंच ठेवलं. लांब जाऊन बघितलं. सगळ्या प्रदर्शनात यासारखं दुसरं काही नाही, असं मला मनापासून वाटलं.

चारला मालक आले. पांढरी टोपी, पांढरं धोतर, मागं मुनीम. त्याच वेळी दुसऱ्या दारानं रत्नाक्का आली, मोरपंखी साडीत, केसांत अबोली, तातांचा हात धरून. तिच्यामागं निम्मी पेठ, कारण तिनं सांगितलं होतं सगळ्यांना. आईही आली होती, हाताला पीठ तसंच. मालक कंपौंडरच्या दवाखान्याला “वा” म्हणाले, उताराच्या शहराला “वा वा” म्हणाले, मनोऱ्यासमोर मान वर करून उभे राहिले आणि माझ्या फलकापाशी आले. वाचला. चष्मा काढून पुसला.

तिकडं ताता विचारत होते, “काय म्हणतायत गं? बघितलं का?” रत्नाक्काला तेलुगू वाचता यायचं, मराठी नाही. ती भिंतीवर आपला कागद शोधत होती. तिनं मल्लेशमला खूण केली. तो फलक एकेक शब्द सुटा करत मोठ्यानं वाचू लागला, “चित्र... पूर्ण करायला... तिला... वेळ...”

“कोण ही भगिनी?” मालकांनी भरल्या आवाजात विचारलं.

मी रत्नाक्काला दंडाला धरून पुढं केलं. होय, मीच. मालकांनी मुनीमाकडं बघितलं, मुनीम पळत जाऊन मोटारीतून एक नवीकोरी चादर घेऊन आला, आणि मालकांनी ती दोन्ही हातांनी रत्नाक्काच्या हातांवर ठेवली. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात माझ्या.

रत्नाक्कानं ना हात जोडले, ना रडली. तिनं चादरीची घडी उलगडली, खिडकीकडं वळून उजेडात धरली, अंगठा फिरवला आणि म्हणाली, “मोराची मान हितं जाड झालीया. मी बारीक काढलेली. पुठ्ठे पाडणाऱ्यानं एक घर जास्ती मारलंय.”

नक्षीतल्या घरांप्रमाणं, म्हणजे चौकटींप्रमाणं, पुठ्ठ्यांना भोकं पाडतात आणि माग त्यांवरून विणतो, हे पेठेला ठाऊक होतं; पण ‘मी काढलेली’ म्हणजे काय, हे कोणाला कळेना. मालक हसले. “बाई, ही नक्षी तुमच्या वडलांची.”

तातांचा हात तिच्या मनगटावर घट्ट आवळला गेला. मी शेजारीच होते, मला दिसलं. आता बोललं तर दोन वर्षांची लबाडी उघडी, आणि उद्यापासून घरात नक्षीचं काम बंद. न बोललं तर ही दानात मिळालेली चादर पांघरून झोपायचं, स्वतःच काढलेली. ताता मालकांचा आवाज येत होता त्या दिशेला तोंड करून, अगदी नम्रपणे म्हणाले, “मालक, दोन वर्सं झाली, मला तुमचं तोंड दिसत न्हाई. मोराची मान कुठनं दिसणार?”

“म्हणजे दोन वर्षं फसवलं मला?”

“फसवलं कुटं? तुमी नक्षी बघितली, चांगली होती, घेतली. डोळं माझे गेलेत, तुमचे न्हाईत.”

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. मालक तापले. “मग हिचं चित्र कुठं आहे? एवढी नक्षीकार आहे, तर वेळ मिळाला नाही असं का लिहिलंय इथं?”

सगळ्या वर्गानं माझ्याकडं बघितलं. पेठेत माझं पत्रक इतक्या लक्षपूर्वक त्याआधी आणि त्यानंतरही कधी वाचलं गेलं नाही.

“पिल्ला,” रत्नाक्का हळू आवाजात म्हणाली, “कागद कुटं हाय?”

कपाट उघडायला मला किती वेळ लागला ते विचारू नका. जगाचा नकाशा बाहेर आला, मानवी सांगाड्याचा तक्ता बाहेर आला, पाढ्यांचे दोन तक्ते आले, आणि शेवटी तो कागद, कडेला जरा चुरगळलेला. मास्तरांनी धीर करून सांगितलं, “पण मालक, हे खरोखरच पाव आहे. उरलेलं पाऊण शहर कुठं आहे?”

यावर विणकर जे हसले! मल्लेशमला भिंतीचा आधार घ्यावा लागला. “उरलेलं मागावर ऱ्हातंय, मास्तर! पुरी चादर कोण काढतंय? एक कोपरा काढायचा, बाकीचे तीन मागावरचं जेकार्ड यंत्र आपलं आपण उलटंपालटं करून विणतंय की.”

सगळ्या पेठेला हे माहीत होतं. बारक्या पोरांना माहीत होतं. जन्मभर त्या खटकखटीला पाठ लावून जेवलेल्या मला माहीत नव्हतं.

“आरसे आणा,” ताता म्हणाले. नक्षीवाले असंच बघतात. कागदाच्या दोन कडांना दोन आरसे काटकोनात उभे करायचे, की पुरी चादर दिसते. शाळेत आरसा नव्हता. मल्लेशम समोरच्या गिरमलअण्णांच्या सलूनमध्ये धावला आणि भिंतीवरचे दोन्ही आरसे उतरवून घेऊन आला. त्यामागं हातात वस्तरा घेऊन गिरमलअण्णा, आणि त्यांच्यामागं अर्ध्या तोंडाला फेस असलेलं एक गिऱ्हाईक. “आरं, माझं निम्मं ऱ्हायलंय!” ते ओरडत होतं. आई म्हणाली, “ऱ्हाऊ द्या की दादा, आज निम्म्याचाच दिवस हाय.”

कागद मास्तरांच्या टेबलावर ठेवला, आरसे उभे केले. मी वाकले आणि बघितलं.

शहर उघडलं होतं. मधोमध गोल हौद, हौदाला चारी अंगांनी नळ, आणि नळापासून निघालेल्या गल्ल्या. गल्लीत समोरासमोर घरं, प्रत्येकाला मागाच्या वरच एक मोठी खिडकी, म्हणजे विणताना दिवसा दिवा लागू नये. दारात झाड. झाडाखाली बसायला कट्टा, बिड्या वळता येतील एवढा रुंद. कुठला पुतळा नाही, मनोरा नाही. सगळ्यांचं दार नळापासून सारख्याच पावलांवर.

“चारी बाजूला सारखंच काढलंयस,” मालकांच्या तोंडून निघून गेलं.

“मी कुटं काढलं? मी एकच कोपरा काढला,” रत्नाक्का म्हणाली. “एका कोपऱ्याला नळ दिला की चारी कोपऱ्याला जातोय. एकाला द्यायचं, दुसऱ्याला न्हाई, असं करायचं म्हटलं तर मागाला जास्ती पुठ्ठे लागतात. उगंच काम वाढतंय.”

समतेवर मी तोवर निदान पन्नास पत्रकं काढली असतील. एवढं सोपं एकातही लिहिलं नव्हतं.

मग जत्राच भरली. लोक आरसे उचलून प्रत्येक चित्राला लावू लागले. मास्तरांच्या शहरात चार मनोरे आले आणि चारी रस्ते टिंबात जाऊन गुदमरले. उताराच्या शहराला आरसे लावले, तर चारी बाजूंनी उतार आणि मधे खड्डा. “तुज्या घोड्यासकट समदे टांगे खड्ड्यात!” टांगेवाला स्वतःच पोट धरून हसत होता. शेवटी मालक पुन्हा रत्नाक्काच्या कागदावर वाकले, आणि आरशांत हौदाभोवती चार पांढऱ्या टोप्या उगवल्या. “चार मालक!” कोणीतरी ओरडलं. मल्लेशम हात जोडून म्हणाला, “नको रं देवा. एकच झेपतोय.” मालकही हसले, आणि हसले तिथं हरले.

“मुनीम, ही नक्षी घ्या. लिहा, नरसय्या...”

“रत्नाक्का लिवा,” ती म्हणाली. तिनं मुनीमाच्या वहीवर बोट ठेवलं.

मालक समजावणीच्या सुरात म्हणाले, “अगं, बाईच्या नावाची नक्षी बाजारात कोण घेईल?”

मी तोंड उघडलं, पण आई माझ्याआधी बोलली. पिठाचा हात कमरेवर. “का वो? चादर पांघरताना कोन इचारतंय, नक्षी बाईची हाय का बाप्याची? थंडी वाजायची थांबली म्हंजी झालं की!” अख्खा वर्ग हसला. मुनीमानं मालकांकडं बघितलं, मालकांनी छताकडं बघितलं, आणि मुनीमानं वहीत ‘नरसय्या’ खोडून ‘रत्नाबाई’ लिहिलं. सोमवारपासून ती कारखान्यात नक्षीकार झाली. तिचं सूप पुढं आमच्याकडं आलं, आई त्यात ज्वारी पाखडायची.

चादर निघाली तेव्हा हौदाच्या जागी कमळ होतं. नळाची चादर खपायची नाही, म्हणून मालकांनी बदलायला लावलं. मी पेटले. रत्नाक्का म्हणाली, “असू दे. कमळ हाय म्हंजी खाली पाणी हायच की.”

माझ्याशी ती दोन दिवस बोलली नाही. आमची वाटी रिकामी परत आली. आयुष्यात एवढी मोठी शिक्षा मला कोणी केली नाही. तिसऱ्या दिवशी भिंत वाजली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं माझ्या मांडीवर फळी ठेवली. “बोलू नकोस. भर.” दुपारभर मी चौकटी भरल्या. बारीक, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. मान मोडली, डोळे पाझरले, आणि एक चौकट चुकली. तिनं आरसे लावले. चारी मोरांच्या चोची तुटलेल्या. “बघ,” ती म्हणाली, “तुझं पत्रक चुकलं तर लोक टाकून देतात. माझं चुकलं तर चार ठिकाणी चुकतंय, आणि लोक दहा वर्सं त्यावर झोपतात.” मग पुलुसू-भात वाढला. मी दोन्ही डोळे मिटून खाल्ला.

त्या चादरीच्या कोपऱ्याला शिवलेल्या चिठ्ठीवर मालकांचा छाप होता, तिचं नाव नव्हतं. वहीत होतं, चादरीवर नाही. मी लगेच पत्रकाचा कागद मशीनला लावला. तिनं हँडल धरलं. “आता न्हाई. डोळं हायत तवर मला नक्षी काढू दे. मी गेल्यावर बोंब मार.” तिनं पुढं पुष्कळ वर्षं नक्ष्या काढल्या. शेवटी तिच्याही डोळ्यांवर पडदा आला, ती गेली, गिरणीचे भोंगे गेले, ती शाळाही आता नाही. तिच्या एकाही चादरीवर तिचं नाव नाही. आणि मी, भजी बांधण्याच्या कागदावर जिनं जगाचे निषेध केले, ती मी इतकी वर्षं गप्प बसले. आता बोंब मारते आहे.

तुमच्या घरात सोलापुरी चादर आहे. नाही म्हणू नका, असतेच. पुढची घ्यायला दुकानात जाल, तेव्हा रंग, वजन, धुतल्यावर आटते का, हे सगळं विचारून झालं की आणखी एक विचारा: ही नक्षी कुणी काढली? दुकानदार छाप सांगेल. छाप नको म्हणा. कारखान्याचं नाव सांगेल. तेही नको म्हणा. माणसाचं नाव सांगा, म्हणा. त्याला माहीत नसेल तर कारखान्याला फोन लावायला लावा, मागं रांग लागली तरी लावायला लावा, आणि नाव कळेपर्यंत गल्ल्यापुढून हलू नका.